गोठ्यापर्यंत पोचणारे संशोधन

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीला लागणारे पहिले स्थानक शहाडचे. रेयॉनच्या कारखान्याची धुराडी, विठ्ठलाचे दगडी मंदिर, जवळून वाहणारी उल्हास नदी आणि मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता, एवढीच या ठिकाणाची ओळख बहुतेकांना असते. सकाळी घाईने गाडी पकडणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला या परिसरात माणसांबरोबर जनावरांचीही मोठी वस्ती आहे, याची आठवण क्वचितच होत असेल. तरीही खाडीकाठचे तबेले, मुरबाड-टिटवाळ्याकडील गावांतले गोठे आणि कचऱ्याच्या ढिगावर चरणाऱ्या मोकाट गाई हा या औद्योगिक पट्ट्याच्या जीवनाचाच एक भाग आहे. या जनावरांच्या प्राणावर बेतते तेव्हा काय होते, हा प्रश्न मात्र वर्तमानपत्रांच्या पानांवर सहसा येत नाही.

समजा, भर पावसाळ्यातील रात्र आहे आणि एका तबेल्यातील म्हैस संध्याकाळपासून कळा देत आहे. पण रेडकू बाहेर येत नाही. मालक अनुभवी असेल तर तो ओळखतो की म्हैस अडली आहे. अशा वेळी बऱ्याचदा गर्भाशयाला पीळ पडलेला असतो. गाईपेक्षा म्हशीत हा प्रकार अधिक आढळतो. पीळ पडला की वाट बंद होते, रक्तपुरवठा तुटू लागतो, रेडकू गुदमरते आणि पुढे गर्भाशयच सडू लागते. जितका उशीर, तितकी आशा कमी. जाणता पशुवैद्य वेळेवर आला तर तो आत हात घालून पीळ कोणत्या बाजूचा आहे हे पाहतो, म्हशीला त्याच बाजूवर निजवतो, तिच्या कुशीवर एक लांब फळी ठेवून तीवर भार देववितो आणि जनावराला पिळाच्याच दिशेने लोळवतो. फळीमुळे गर्भाशय जागी राहते, शरीर त्याभोवती फिरते आणि पीळ सुटतो. एक फळी, एक दोर आणि चार माणसे यांच्या जोरावर लाखाच्या घरात किंमत असलेले जनावर वाचते. हे न साधल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. आणि तीही उशिरा झाली तर मालकाच्या हाती कातडेच उरते.

ही फळीची युक्ती साधी वाटते, परंतु तिच्यामागे संशोधन आहे. मूळ पद्धत परदेशातील गाईंसाठी बसविलेली होती. भारतीय पशुवैद्यांनी म्हशीचे अवाढव्य पोट लक्षात घेऊन तिच्यात सुधारणा केल्या, किती तासांनी आलेल्या किती म्हशी वाचल्या याच्या नोंदी ठेवल्या आणि कोणत्या टप्प्यानंतर लोळविण्यात वेळ न दवडता थेट शस्त्रक्रिया करावी, याचे आडाखे बांधले. पशुशल्यचिकित्सेतील आणि तातडीच्या उपचारांतील संशोधकाचे आयुष्य कशासाठी खर्ची पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही. त्याच्या विद्येची खरी परीक्षा परिषदेच्या व्यासपीठावर होत नसते. ती मध्यरात्री, कंदिलाच्या वा विजेरीच्या उजेडात, चिखलाने भरलेल्या गोठ्यात होत असते.

परळचा वारसा

या विद्येला महाराष्ट्रात थोर परंपरा आहे. आधुनिक पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय १७६१ साली फ्रान्समधील लियों येथे क्लोद बुर्जेला यांनी काढले. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली. पुढे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या उदार देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विद्यालयाच्या आधी रुग्णालय होते, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी दुखणेकरी जनावर आणि मग पुस्तक, अशी या महाविद्यालयाची जन्मकथा आहे.

त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांचे चरित्र आजच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. १८५५ साली जन्मलेला हा पशुवैद्य लंडनच्या विद्यालयात शिकला, तेथेच काही काळ शिकवू लागला आणि पुढे लष्कराच्या सेवेत हिंदुस्थानात आला. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराची खेचरे एका तापाने पटापट मरू लागली तेव्हा त्याचा तपास स्टील यांच्याकडे आला. पाच वर्षांपूर्वी ग्रिफिथ एव्हान्स यांनी पंजाबच्या सरहद्दीवर सर्रा रोगाने आजारी जनावरांच्या रक्तात जो सूक्ष्म जंतू पाहिला होता, तोच स्टील यांना या खेचरांच्या रक्तात दिसला. त्याची जात ठरविण्यात त्यांची चूक झाली, ती पुढच्या संशोधकांनी दुरुस्त केली; पण त्यांनी जंतूला दिलेले एव्हान्स यांचे नाव आजही कायम आहे. या देशात पशुवैद्यकाचे नियतकालिक काढणाऱ्यांतही ते अग्रेसर होते. बैल, हत्ती, कुत्रा, उंट आणि मेंढी यांच्या रोगांवर त्यांनी ग्रंथ लिहिले आणि वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, १८९१ साली, त्यांचा अंत झाला.

अवघ्या काही वर्षांच्या या हिंदुस्थानी कारकिर्दीचा अर्थ काय? स्टील यांच्यापाशी क्ष-किरण नव्हते, प्रतिजैविके नव्हती, आजच्या भुली नव्हत्या. त्यांच्यापाशी होती ती पाहिलेले लिहून ठेवण्याची शिस्त. लंडनमध्ये शिकलेले ज्ञान ब्रह्मदेशातील खेचराला वा मद्रासकडील हत्तीला जसेच्या तसे लागू पडणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि समोरच्या जनावराला विचारून नवे शास्त्र लिहिण्याचा प्रयत्न केला. साम्राज्याच्या लष्कराला घोडे आणि खेचरे हवी होती, म्हणून हे काम झाले, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. परंतु हेतू कोणाचा का असेना, पद्धत मात्र आपल्याला वारसा म्हणून मिळाली आहे. हा वारसा आपण चालवतो आहोत काय, हा आजचा प्रश्न होय.

तातडीच्या उपचारांचे शास्त्र

गेल्या अर्धशतकात माणसांप्रमाणेच जनावरांच्या तातडीच्या उपचारांचेही स्वतंत्र शास्त्र जगभर उभे राहिले आहे. त्याची दोन-तीन उदाहरणे पाहिली तरी त्यातील संशोधन किती व्यवहारोपयोगी असू शकते, हे कळून येईल.

पाचशे किलो वजनाची म्हैस जुलाबाने वा रक्तस्रावाने खचली तर तिला शिरेतून तीस-चाळीस लिटर द्रव द्यावा लागेल, असे गणित निघते. तबेल्यात एवढ्या बाटल्या कोठून आणावयाच्या आणि त्या चढवीत किती तास बसावयाचे? ब्राझीलमधील संशोधकांनी १९८० साली दाखवून दिले की, भयंकर रक्तस्राव झालेल्या कुत्र्यांना अगदी थोड्या प्रमाणात तीव्र मिठाचे पाणी शिरेतून दिल्यास रक्तदाब सावरतो. कारण शरीरातीलच पाणी त्या मिठाकडे ओढले जाऊन रक्तात उतरते. पुढे हीच कल्पना गुरांवर पडताळून पाहण्यात आली. आज दोन-अडीच लिटर तीव्र द्रावण शिरेतून आणि पाठोपाठ तोंडाने वा नळीने भरपूर साधे पाणी, एवढ्यावर म्हशीला तग धरायला लावता येते. जे काम रुग्णालयातच शक्य वाटत होते, ते गोठ्यात शक्य झाले. गरिबाच्या उपयोगी पडणारे संशोधन म्हणतात ते हेच.

दुसरे उदाहरण लोखंडाचे आणि प्लॅस्टिकचे. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही. जिभेने ओढून गिळते. चाऱ्यातून गेलेला खिळा वा तारेचा तुकडा जाळीसारख्या दुसऱ्या पोटात अडकतो आणि तेथून पडदा भेदून सरळ हृदयापर्यंत पोचू शकतो. कारखाने आणि भंगारवाडे यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या जनावरांना हा धोका अधिक, हे सांगावयास नको. मोकाट गाईंच्या पोटात साठणाऱ्या पिशव्यांचे गोळे हा याच दुर्दैवाचा नवा अवतार. अशा वेळी डाव्या कुशीत चीर देऊन पोट रिकामे करावे लागते. ही शस्त्रक्रिया जनावराला उभे ठेवूनच, केवळ त्या जागेला बधिर करून केली जाते. गुराला पूर्ण भूल देऊन आडवे पाडले तर त्याचे पोट फुगते, चारा उलटून श्वासनलिकेत जातो आणि रोगापेक्षा भूलच प्राणघातक ठरते. माणसांच्या शल्यशास्त्राची नुसती नक्कल करून पशुशल्यशास्त्र उभे राहत नाही, याचा हा पुरावा आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पण कायदा आणि कचऱ्याचा ढीग यांच्यामधील अंतर अजून गाईचे पोटच मोजते आहे.

नोंद न ठेवण्याची किंमत

तिसरे उदाहरण सावधगिरी शिकविणारे आहे. गुरांचे दुखणे उतरविण्यासाठी डायक्लोफिनॅक हे औषध आपल्याकडे सर्रास वापरले जात असे. स्वस्त आणि गुणकारी म्हणून त्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. दरम्यान देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे २००४ साली पाकिस्तानातील तपासातून सिद्ध झाले आणि २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता. गोठ्यात काय दिले आणि पुढे काय झाले, याची नोंद ठेवून तिच्याकडे पाहणारी नजर नसली म्हणजे निसर्गाला केवढी किंमत मोजावी लागते, हे या प्रकरणाने दाखविले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे आणि ते माणसांच्या वैद्यकातील आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मरणारी मुले ग्रामीण दवाखान्यात डोळ्यांदेखत पाहिली, त्यांच्या खाटेशी बसून नाडी आणि रक्तदाब यांच्या नोंदी केल्या आणि प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू टळतात, हे जगाला पटवून दिले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने त्यांचे लेख छापले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. रोगी होते आणि वही होती. पशुवैद्यकात असा वहीवाला संशोधक प्रत्येक जिल्ह्यात का निपजू नये?

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी समाजाच्या दृष्टीत सापडते. ‘गुरांचा डॉक्टर’ हे शब्द आपल्याकडे अजूनही किंचित हसून उच्चारले जातात. बारावीच्या परीक्षेत थोड्या गुणांनी हुकलेला मुलगा या शास्त्राकडे वळतो, अशीच पालकांची समजूत असते. वास्तविक पदवीसाठी सेवांतर्गत वर्षासह साडेपाच वर्षे, पदव्युत्तर शिक्षणासाठी आणखी दोन आणि विद्यावाचस्पती होण्यासाठी त्यापुढे किमान तीन, असा हा दहा वर्षांहून लांब रस्ता आहे. त्यावरून चालणाऱ्याला बोलू न शकणाऱ्या, लाथ मारणाऱ्या, जातीगणिक शरीररचना बदलणाऱ्या रुग्णांचे शास्त्र शिकावे लागते. माणसाच्या डॉक्टरला एकाच प्राण्याचे शरीर माहीत असले तरी भागते, हे विसरता कामा नये.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

माणसांना वेळेवर खाट मिळत नाही, तेथे जनावरांच्या तातडीच्या उपचारांची चिंता कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की, ज्याची सारी पुंजी दोन म्हशींत गुंतलेली आहे त्याच्या घरी म्हैस मरणे म्हणजे मुलाची शाळा सुटणे आणि सावकाराचे दार ठोठावणे. तेथे जनावराचा उपचार हा माणसाचाच उपचार असतो. दुसरी गोष्ट, या दोन विद्या एकमेकींच्या आधाराने वाढल्या आहेत. तीव्र मिठाच्या पाण्याचा प्रयोग कुत्र्यावर झाला. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तातून तयार होते आणि परळच्याच हाफकिन संस्थेने ती कित्येक वर्षे महाराष्ट्राला पुरविली आहे. तिसरी गोष्ट, पिसाळलेल्या कुत्र्याची वा गर्भपात झालेल्या म्हशीची पहिली तपासणी करणारा पशुवैद्य हा माणसांच्या साथींचाही पहिला पहारेकरी असतो. त्याला दुर्बळ ठेवून माणसाचे आरोग्य सबळ होणार नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा, असे प्रमाण सुचविले होते. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणासाठी २००० साली स्वतंत्र विद्यापीठ झाले; मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. अलीकडे १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक यावे, अशी योजना केंद्राने आखली आणि एक लाख जनावरांमागे एक गाडी, असे तिचे प्रमाण ठरविले. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले आणि तेथे तातडीच्या उपचारांची अहोरात्र सोय झाली. घरातील कुत्र्या-मांजरांना मोटारीत घालून तेथवर नेता येते. पिळाने तळमळणारी म्हैस मात्र शहाडहून सुमारे पन्नास किलोमीटर दूर परळला रात्रीतून नेणे सोपे नाही, आणि नेली तरी वाटेतल्या हेलकाव्यांनीच ती अर्धमेली होईल. मोठ्या जनावराच्या बाबतीत रुग्णाने विद्येकडे जावयाचे नसते. विद्येनेच रुग्णाकडे गेले पाहिजे.

म्हणून सूचना करावयाच्या त्या याच दृष्टीने. पशुशल्यचिकित्सेचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने काही महिने कल्याण-मुरबाडसारख्या भागात रात्रपाळीचे काम करावे आणि तेथील रुग्णांवरच आपला प्रबंध लिहावा. फिरत्या पथकाच्या प्रत्येक फेरीची नोंद एका ठरावीक नमुन्यात व्हावी : जनावर कोणते, त्रास सुरू होऊन किती तास झाले, काय केले, दुसऱ्या आठवड्यात ते जिवंत आहे काय. वर्षाकाठी या वह्या विद्यापीठात उलगडून पाहिल्या तर एखाद्या तरुण संशोधकाच्या आयुष्याला पुरेल एवढे काम त्यांतून निघेल. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे मोठी यात्रा भरते आणि तिच्यात गुरांचा बाजार असतो. दूरदूरची जनावरे एकत्र येणारे असे ठिकाण विद्यार्थ्यांना कोणत्याही वर्गाहून अधिक शिकवील. २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीने काय केले, हे या परिसराला ठाऊक आहे. पुराच्या वेळी माणसांना हलविण्याचे आराखडे असतात. दाव्याला बांधलेल्या जनावरांची दावी कोणी सोडावयाची आणि ती कोणत्या उंचवट्यावर न्यावयाची, हेही त्याच आराखड्यात लिहिले गेले पाहिजे. तातडीच्या वैद्यकाचा पहिला धडा हाच की, अर्धे उपचार प्रसंग येण्यापूर्वी करून ठेवायचे असतात.

यांतील एकाही गोष्टीला फार मोठा पैसा लागत नाही. लागते ती पदोन्नतीचे मोजमाप बदलण्याची तयारी. संशोधकाचे छापलेले निबंध मोजण्याची रीत सगळीकडेच रूढ आहे आणि ती सर्वस्वी चुकीचीही नाही. पण पशुशल्यचिकित्सकाच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना त्या निबंधांतून किती युक्त्या तालुक्याच्या दवाखान्यात उतरल्या, हाही रकाना असला पाहिजे. स्टील यांच्या ग्रंथांतील कित्येक गोष्टी आज कालबाह्य झाल्या आहेत. परंतु त्यांनी घालून दिलेला पाठ शिळा झालेला नाही. समोरच्या जनावराकडे नीट पाहावे, पाहिलेले लिहावे आणि लिहिलेले दुसऱ्याच्या हाती द्यावे, एवढाच तो पाठ आहे.

शहाडच्या परिसरातील एखाद्या तबेल्यात पुढच्या पावसाळ्यातही म्हैस अडणार आहे. तिच्याजवळ त्या रात्री एक फळी, एक दोर आणि ती कशी वापरावी हे जाणणारा माणूस असेल की नाही, हे आज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांना शिकविणाऱ्यांनी ठरवायचे आहे.